फाइल घरी धड पोचते का?

प्रवासात फोनवर लिहायला कोणतं ॲप घ्यावं, असं कुणी विचारलं की हल्ली दोन-तीन नावं सांगितली जातात आणि विषय संपतो. तो इतक्या पटकन संपायला लागला तो गेल्या दहा-बारा वर्षांत. त्याआधी जवळपास तीस वर्षं हा प्रश्न चांगलाच डोकेदुखीचा होता. लिहिण्याची सोय कशीबशी व्हायची. लिहिलेलं घरच्या किंवा कचेरीतल्या संगणकावर धडपणे उतरेल का, याची खात्री नसायची.

सुरुवात १९८३ पासून धरायला हरकत नाही. त्या वर्षी अमेरिकेतल्या रेडिओ शॅक कंपनीने टीआरएस-८० मॉडेल १०० हा छोटा संगणक विकायला आणला. जपानच्या क्योसेराने बनवलेलं हे यंत्र खिशात मावत नसे, पण मांडीवर आरामात बसे. पडद्यावर ४० अक्षरांच्या ८ ओळी, आणि चार पेन्सिल सेलवर वीसेक तास काम. अमेरिकेतल्या बातमीदारांनी ते उचलून धरलं. त्यातला लिहिण्याचा प्रोग्रॅम अगदीच बेताचा होता. ओढ होती ती आतच बसवलेल्या, फोनच्या तारेवरून मजकूर पाठवणाऱ्या ३०० बॉडच्या मोडेमची. सेकंदाला तीसेक अक्षरं जात. म्हणजे हजार शब्दांची इंग्रजी बातमी हॉटेलच्या फोनवरून तीन-चार मिनिटांत कचेरीत. ठळक नाही, तिरपं नाही, तळटीप नाही. त्यामुळे वाटेत बिघडण्यासारखंही काही नव्हतं.

खऱ्या अर्थाने हातात मावणारं आणि तरीही नीट लिहिता येणारं यंत्र दिलं ते ब्रिटनच्या सायन (Psion) कंपनीने. १९९१ची सिरीज ३ आणि त्यापेक्षाही १९९७ची सिरीज ५. झाकण उघडलं की कीबोर्ड पुढे सरकायचा आणि पडदा मागे रेलायचा, त्यामुळे टेबलावर ठेवून दोन्ही हातांनी टाइप करता येई. दोन पेन्सिल सेल कुठल्याही स्टेशनावर मिळणार. माझ्या मते एवढ्या आकारात याच्या तोडीचा कीबोर्ड नंतर क्वचितच झाला.

बाजार मात्र पामच्या हातात मावणाऱ्या यंत्रांनी मारला. १९९६च्या पायलटला कीबोर्डच नव्हता. ग्राफिटी नावाच्या लिपीत एकेक अक्षर एका फटकाऱ्यात काढायचं. ए काढायचा तो मधली आडवी रेघ गाळून. सोबतच्या मेमो पॅडमध्ये एका टिपणात चारेक हजार अक्षरंच मावत. सामानाची यादी, पत्ते, चार ओळींचं पत्र यासाठी ठीक. लेख लिहायला बसलं की तो अर्ध्यात अडायचा. १९९९मध्ये घडी घालून खिशात टाकता येणारा कीबोर्ड आला, आणि मग सॉफ्टवेअर निवडणं हा गंभीर मामला झाला. कुणी वर्डस्मिथ घ्यायचं, कुणी डेटाव्हिजचं डॉक्युमेंट्स टू गो. दुसऱ्याची खुबी अशी की हातातल्या यंत्रावर केलेले बदल मूळ वर्ड फाइलमध्ये जायचे आणि यंत्राला न समजलेली मांडणीही शाबूत राहायची. उलट मायक्रोसॉफ्टच्याच पॉकेट वर्डमध्ये फाइलचं रूपांतर व्हायचं आणि तळटीपा, पानाच्या माथ्यावरचा मजकूर गळून पडायचा. घरच्याच कंपनीची ही तऱ्हा!

त्यातून बॅटरीची धास्ती वेगळीच. त्या काळच्या पाममध्ये आणि पॉकेट पीसीमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवर चालणाऱ्या तशाच यंत्रांत) लिहिलेलं सगळं रॅममध्ये असे; वीज पूर्ण संपली की मजकूरही गेला. म्हणून जाणकार माणसं आधी मेमरी कार्डवर प्रत ठेवायची आणि मगच झोपायची.

पुढचं फार भराभर झालं. डॉक्युमेंट्स टू गो २०१०मध्ये ब्लॅकबेरी बनवणाऱ्या कंपनीकडे गेलं, तशाच कामाचं क्विकऑफिस २०१२मध्ये गूगलने विकत घेतलं. २०१४मध्ये आयपॅडवर खुद्द वर्ड आलं आणि गूगल डॉक्सचं स्वतंत्र ॲपही. फाइल मुळात सर्व्हरवरच राहू लागल्यावर ती घरी पोचवण्याचा प्रश्न बराचसा मिटला.

हे सगळं इंग्रजीत लिहिणाऱ्यांचं झालं. मराठीत लिहिणाऱ्याला यातलं जवळजवळ काहीच उपयोगी पडलं नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना संकेतांक देणाऱ्या सामायिक पद्धतीत, देवनागरी १९९१पासून होती. पण अक्षराला संकेतांक असणं वेगळं आणि ते पडद्यावर नीट उमटणं वेगळं. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरी धड दिसतच नसे. कुठे नुसते चौकोन, तर कुठे ‘किती’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या आधी यायची ती नंतर, आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडलेली. ऑपेरा मिनी या ब्राउझरमध्ये एक आडवळणाची सेटिंग बदलून लोक मराठी पानं चित्ररूपात वाचायचे, पण लिहायचं काय? हे दुखणं २०१२च्या आसपास बरं व्हायला लागलं. नंतर आयआयटी मुंबईचा स्वरचक्र, गूगलचा इंडिक असे कीबोर्ड आले, आणि २०१७मध्ये गूगलचं बोलून टाइप करणं मराठीतही सुरू झालं.

एक जुनं देणं मात्र अजून फिटलेलं नाही. आपल्याकडच्या छापखान्यांत आणि डीटीपीवाल्यांकडे वर्षानुवर्षं श्री-लिपी, शिवाजी अशा फाँटांत काम झालं. त्यातल्या पुष्कळ फाइलींत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. अशी फाइल गाडीत फोनवर उघडली की समोर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला येतो. तिथे वर्ड घेतलं काय आणि डॉक्स घेतलं काय, दोन्ही सारखेच हतबल. असा मजकूर प्रवासाला निघण्याआधी संगणकावर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि बदलल्यावर रफार, र-कार एकदा डोळ्यांखालून घालावे लागतात, कारण रूपांतरात घोटाळा होतो तो बहुधा तिथेच. डॉक्समध्ये काम करणार असाल तर ती फाइल ऑफलाइन उपलब्ध ठेवण्याची खूणही घरीच करून घ्या; कसाऱ्याच्या बोगद्यांत नेटवर्क गेल्यावर ते सुचून उपयोग नाही.