स्टोनहेंजच्या दगडांचं माहेर

इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या शिळांच्या वर्तुळात दोन उभे खांब आणि वर आडवी शिळा अशी एक चौकट १७९७ मध्ये कोसळली होती. ती १९५८ साली पुन्हा उभी करताना एका खांबाला चिरा गेलेल्या दिसल्या. मग खांबातून आरपार भोकं पाडून धातूच्या सळया घातल्या. ड्रिलमधून निघालेला दगडाचा मीटरभर लांब दांडा तिथे कामाला असलेल्या रॉबर्ट फिलिप्स यांनी आठवण म्हणून जपून ठेवला. पुढे ते अमेरिकेला गेले, दांडाही गेला. २०१८ मध्ये नव्वदीच्या उंबरठ्यावर त्यांनी तो परत केला.

बरं झालं, कारण स्टोनहेंजच्या दगडाचा टवका काढायला आज कोण परवानगी देणार?

सार्सन नावाचे हे दगड जवळजवळ निव्वळ सिलिका, म्हणजे वाळूचा मुख्य घटक, असतात. त्यामुळे ओळख पटवायची ती अगदी किंचित मिसळलेल्या मूलद्रव्यांवरून. भूगोलतज्ज्ञ डेव्हिड नॅश यांच्या गटाने आधी उरलेले सगळे ५२ सार्सन क्ष-किरणांनी तपासले. त्यातले ५० एकाच घराण्यातले निघाले. मग दांड्याचे तुकडे दळून २० ठिकाणच्या दगडांशी ताडून पाहिले. जुळले ते २५ किलोमीटरवरच्या वेस्ट वुड्स या रानातल्या दगडांशी.

म्हणजे वीस-वीस टनांची धुडं जवळून आणली. त्यांच्यापेक्षा लहान, दोन ते पाच टनांचे ‘ब्लूस्टोन’ मात्र सव्वादोनशे किलोमीटरवरच्या वेल्समधल्या प्रेसेली टेकड्यांतले. हे भूशास्त्रज्ञ हर्बर्ट थॉमस यांनी १९२३ मध्येच सांगितलं होतं. वर्तुळाच्या मधोमध आडवी पडलेली सहा टनांची ‘वेदीशिला’ही वेल्सचीच, असं सगळे धरून चालले होते. २०२४ मध्ये तिच्यातल्या खनिजकणांची वयं मोजली, तर ती ईशान्य स्कॉटलंडच्या वालुकाश्माशी जुळली. अंतर सुमारे ७५० किलोमीटर! शिळेचा वेल्सवरचा हक्क काढून घेणारे संशोधक अँथनी क्लार्क स्वतः प्रेसेलीच्या परिसरात वाढलेले, ही आणखी एक गंमत.

आणली कशी? चाक ब्रिटनमध्ये अजून पोचलं नव्हतं. २००० साली हौशी मंडळींनी तीनेक टनांचा दगड वेल्सहून जलमार्गाने न्यायचा घाट घातला, तो बुडाला. २०१६ मध्ये लंडनमध्ये एक टनाची शिळा लाकडी घसरगाडीवर बांधून ओंडक्यांवरून ओढली, तेव्हा दहा माणसं पुरली. अर्थात तिथे सपाट हिरवळ होती. डोंगर, दलदल, नद्या ओलांडत आठवडेच्या आठवडे ओढायचं, तर माणसं बदलत राहायला हवीत आणि त्यांची पोटंही भरायला हवीत.

पोटाचा पुरावा तीन किलोमीटरवर डरिंग्टन वॉल्स इथे सापडतो. तिथल्या वस्तीत डुकरांच्या हाडांचा खच आहे. बरीच डुकरं नऊएक महिन्यांची, म्हणजे जन्म वसंतातला धरला तर ऐन हिवाळ्यात कापलेली. हाडांतल्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून) काही तर थेट स्कॉटलंडसारख्या दूरच्या मुलखात वाढलेली असावीत, असं दिसतं. आणि गायीगुरांसारखं डुकरांना हाकत नेणं सोपं नाही.