खोगीरभरती आणि कण्यावरची रिकामी जागा

मराठीत ‘खोगीरभरती’ हा नापसंतीचा शब्द आहे. दिवाळी अंकाची पाने भरायला घातलेला मजकूर, संघात अकरा जण व्हावेत म्हणून घेतलेला खेळाडू, हे सगळे खोगीरभरतीत जमा. खोगिरात काहीबाही कोंबले तरी चालते, असे या शब्दाने गृहीत धरले आहे. घोड्याची सोललेली पाठ एकदा धुतली आणि बांधली, की हे गृहीतक टिकत नाही. खोगिरात काय भरले, किती भरले आणि मुख्य म्हणजे कुठे अजिबात भरले नाही, यावरच ते घोड्याला चालते की नाही हे ठरते.

शब्दाचे मूळ फारसीत आहे. ‘खू’ किंवा ‘खोय’ म्हणजे घाम आणि ‘गीर’ म्हणजे घेणारा. तेव्हा खोगीर म्हणजे मुळात घाम टिपणारी गादी. तिच्यावर बसवायचे ते जीन. जीन, लगाम, तंग (पोटाखालून आवळायचा पट्टा), रिकीब (पाय ठेवायची कडी), दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा) हे शब्दही फारसी-अरबीतून आले आणि मराठीत असे मुरले की आज कुणाला ते परके वाटत नाहीत. पुढे बोलण्यात खोगीर आणि जीन यांतला फरक पुसट झाला. कारागिराच्या दृष्टीने मात्र तो महत्त्वाचा आहे, कारण एक मऊ आहे आणि दुसऱ्यात ताठ सांगाडा आहे. सगळा इतिहास या दोहोंच्या मधे घडला.

आधी घोड्याची पाठ पाहू. घोड्याला बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात आणि त्या ज्या मणक्यांना जोडलेल्या असतात त्यांचे काटे वर उभे असतात. खांद्याच्या दोन पात्यांच्या मधे हे काटे सर्वांत उंच होतात. त्या उंचवट्याला घोडेवाले विदर्स म्हणतात. काट्यांच्या टोकांवर स्नायू नसतो, तिथे कातडीखाली जवळजवळ हाडच. वजन पडले की कातडी हाड आणि खोगीर यांच्यात चेंगरते, रक्त पोचत नाही आणि जखम आतून सुरू होते. वरून सूज दिसते तोपर्यंत आतले बरेच नुकसान होऊन गेलेले असते. वजन घ्यायला जागा आहे ती कण्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब स्नायूंवर, बरगड्यांच्या आधारावर. शेवटच्या बरगडीच्या मागे आधार नाही, म्हणून तिथे वजन नको. पुढे खांद्याचे पाते चालताना मागे सरकते, म्हणून तिथेही नको. उरते ती जागा छोटीच.

ही गोष्ट फार पूर्वी कुणाच्या तरी लक्षात आली होती. वायव्य चीनमधल्या शिंच्यांगच्या तुर्फान खोऱ्यात यांगहाय इथल्या दफनभूमीत चामड्याचे एक खोगीर सापडले. त्याचा काळ इ.स.पू. ७२७ ते ३९६ या दरम्यानचा ठरला आहे. चामड्याच्या दोन उशा, आत गवताचा पेंढा आणि हरणाउंटाचे केस. अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक इथे गोठलेल्या थडग्यांत मिळालेली खोगिरेही याच धर्तीची आहेत. कण्याच्या दोन बाजूंना दोन भरलेल्या उशा आणि त्यांना जोडणारी पट्टी. आज नव्या जिनाच्या खाली हात घालून जी पन्हळ आपण चाचपतो, तीच या दोन उशांच्या मधली फट.

त्यानंतर रिकीब आली आणि सगळे बदलले. सांची, मथुरा आणि आपल्या भाजे लेण्यातल्या शिल्पांत स्वारांचे पाय तंगात अडकवलेले दिसतात. भारतात याच सुमारास पायाचा अंगठा अडकवायची दोरीची कडीही होती. नागपूरजवळच्या जुनापाणी इथल्या महापाषाणी दफनांत दुमडलेल्या लोखंडी सळ्यांच्या जोड्या मिळाल्या आहेत. त्या रिकिबीच असाव्यात असे काही अभ्यासकांनी मांडले आहे, पण ते अनुमानच आहे. पक्का पुरावा चीनमधला. चांगशा इथल्या इ.स. ३०२च्या थडग्यातल्या मातीच्या स्वाराला डाव्या बाजूला एकच रिकीब आहे. ती चढण्यापुरती. फंग सुफू या चिनी सरदाराच्या इ.स. ४१५च्या थडग्यात मात्र खरीखुरी जोडी मिळाली, लाकडाची, वर सोन्याचा मुलामा दिलेल्या काशाचा पत्रा.

जोडी आल्यावर स्वार उभा राहू लागला, आणि अडचण इथून सुरू होते. बसलेल्या माणसाचे वजन मांड्या आणि बैठकीतून पसरते. तोच माणूस रिकिबीत उभा राहिला की साठ-सत्तर किलो वजन दोन पट्ट्यांवर येते, आणि पट्टे जिथे खोगिराला बांधले असतील तिथे बोटभर जागेत दाब साठतो. मऊ खोगिराचा पट्टा तर कण्यावरून आडवाच जातो, म्हणजे तो थेट काट्यांवर आवळतो. हे टाळायला ताठ सांगाडा लागतो. पुढे-मागे लाकडाच्या दोन कमानी, कमानींना जोडणाऱ्या दोन आडव्या फळ्या, आणि रिकिबीचा भार या फळ्यांनी लांबवर वाटून द्यायचा. सांगाड्याचे खरे काम हे. स्वाराला डौलदार बसता यावे हे नंतरचे.

दख्खनेत मात्र मऊ खोगीर दीर्घकाळ टिकले, आणि त्याला कारण होते. भीमथडीचा घोडा ठेंगणा, काटक, पाठीने बेताचा. शिलेदार स्वतःचा घोडा आणायचा, बारगिराला तो सरकारी पागेतून मिळायचा. म्हणजे बारगिराचा घोडा बदलत राहणार. कापड आणि नमद्याचे (लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचे), आत भर घालून जाड टाक्यांनी शिवलेले खोगीर कुठल्याही पाठीला थोडेफार जुळवून घेते. हलकेही असते. एका घोड्यासाठी घडवलेला लाकडी सांगाडा दुसऱ्याला बोचतो. मऊ खोगिराचे दोष दोन. भर दबून त्याचे गोळे होतात आणि प्रत्येक गोळा म्हणजे एक जखम. दुसरे म्हणजे पावसात ते पाणी पिते, वाळायला दिवस लागतात, आणि ओल्या नमद्याखाली कातडी नरम पडून लवकर सोलते. दसऱ्याला मोहिमेवर निघण्याच्या रिवाजाकडे चिखल, नद्या आणि वैरण यांच्याबरोबर या बाजूनेही पाहायला हवे.

हे काम करणारे जीनगर. नावच सांगते, जीन घडवणारा. पेशवाई गेली, फौजा मोडल्या, तशी जिनांची मागणी ओसरली. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्याच्या नोंदींत जीनगर धातूचे ओतकाम, लाकडावरचे कोरीवकाम, रंगकाम, मातीच्या मूर्ती आणि कुलुपांची दुरुस्ती अशी कामे करताना दिसतात. लाकूड, चामडे, कापड आणि धातू या चारही जिनसा एकाच वस्तूत जोडणाऱ्या हातांना हे अवघड नव्हते. पण जीन मात्र पुण्यातून गेले.

ते कानपूरला गेले. १८५७ नंतरच्या काही वर्षांत सैन्यासाठी तिथे सरकारी कारखाना निघाला, १८८१मध्ये कूपर ॲलन कंपनी आली. जागा अचूक होती: कातडी मुबलक, रेल्वे, आणि आसपास बाभूळ. बाभळीच्या सालीवर कमावलेले चामडे घट्ट आणि कमी ताणणारे होते. कानपूरच्या खोगीरकामाला आज भौगोलिक मानांकन आहे आणि तिथली जिने युरोपात जातात. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेच्या चामड्यातही हीच बाभळीची साल लागते, जोडीला सह्याद्रीतला हिरडा.

कमावण्यात घाई केली की पुढचे सगळे बिघडते. कातडे चुन्याच्या पाण्यात ठेवून केस सैल करायचे, खरवडायचे, चुना धुऊन काढायचा आणि मग सालीच्या पाण्यात बुडवायचे. आधी पातळ पाणी, मग टप्प्याटप्प्याने कडक. पहिल्याच दिवशी कडक पाणी दिले तर वरचा थर आवळून बंद होतो आणि मधला भाग कच्चा राहतो. पट्टा कापल्यावर कडेकडे बघावे. मधोमध फिकी, कच्च्या कातड्यासारखी रेघ दिसली तर तो तंगाला वापरू नये. नंतर तेल-चरबी मुरवायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमने कमावलेले चामडे आले. ते मऊ, लवकर तयार होणारे, बैठकीवर मढवायला छान, पण ताणते. रिकिबीच्या पट्ट्याला ते लावले की महिन्याभरात एक पाय दुसऱ्याहून खाली, कारण घोड्यावर आपण नेहमी डावीकडूनच चढतो. म्हणून साध्या चामड्याचे पट्टेही अधूनमधून डावे-उजवे बदलावेत.

पट्टे कापायचे ते पाठीच्या भागातून, कण्याला समांतर. पोटाकडचे चामडे सैल, तंतू विरळ. तंग अडकवायच्या पट्ट्या साधारण २५ मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर जाड असाव्यात. त्या प्रत्येक बाजूला तीन असतात. पहिली एका निवारपट्टीवर आणि उरलेल्या दोन दुसऱ्या स्वतंत्र निवारपट्टीवर शिवतात, म्हणजे एक निवार तुटली तरी जीन घोड्यावर राहते. तंग नेहमी पहिल्या पट्टीत आणि दुसऱ्या-तिसऱ्यांपैकी एकीत अडकवावा. फक्त मागच्या दोघींत अडकवला तर ही सगळी सोय वाया जाते. रायडिंग स्कूलमध्ये ही चूक रोज दिसते.

शिवण हाताची, दोन सुयांची. एकाच लिननच्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, दोऱ्याला मधमाशीचे मेण, लांबी शिवणीच्या चौपट. आरीने भोक पाडायचे आणि दोन्ही सुया त्याच भोकातून विरुद्ध दिशांनी न्यायच्या. दुसरी सुई नेताना ती पहिल्या दोऱ्याला भोसकत नाही ना, हे पाहायचे. भोसकला तर तो टाका ओढतानाच अर्धा मेलेला असतो. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात. एक झिजला की शिवण उसवत जाते. हाताच्या शिवणीत प्रत्येक भोकातून दोन्ही दोरे आरपार गेलेले असतात, एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. पट्ट्यांवर इंचाला आठ टाके पुरतात. बारीक, जवळजवळ टाके दिसतात देखणे, पण भोके दाटली की चामडे तिकिटाच्या कडेसारखे फाटते.

सांगाडा चुकला की काय होते हे सैन्यांनी फार महाग शिकून घेतले. अमेरिकेने १८५९मध्ये मॅक्लेलन जीन स्वीकारले. लाकडी सांगाडा, वर कच्च्या कातड्याचे आवरण आणि कण्यावर लांब उघडी फट. हवा खेळते, काटे मोकळे. पण कच्च्या कातड्याची शिवण उसवली की स्वार आणि घोडा दोघांनाही जखमा. बोअर युद्धात, १८९९ ते १९०२ या काळात, ब्रिटिशांचे तीन लाखांहून अधिक घोडे मेले. उपासमार, रोग आणि अतिश्रम ही मोठी कारणे, आणि त्यांच्याबरोबर सोललेल्या पाठी. उपाशी घोडा खंगतो, कण्याच्या बाजूचे मांस उतरते आणि काल बसणारी कमान आज उंचवट्यावर टेकते. १९१२च्या ब्रिटिश नमुन्यात म्हणून पोलादी कमानींना बाजूच्या फळ्या हलत्या जोडल्या, पाठ बदलली तरी फळ्या तिच्याशी जुळत राहाव्यात म्हणून. खाली घोंगडीच्या घड्या कमी-जास्त करायच्या. यंत्राने केलेले हे खोगीरभरतीचेच काम.

फेदेरिको काप्रिली या इटालियन अधिकाऱ्याने (१८६८–१९०७) उडी मारताना पुढे झुकायला शिकवले, तशी जिनाची पाखरे, म्हणजे दोन्ही बाजूंना लोंबणारे चामडी पदर, पुढे आली आणि गुडघ्याला आधार मिळाला. घोड्याच्या पाठीचा हिशेब मात्र तोच राहिला.

तो असा तपासतात. घोडा सपाट जमिनीवर उभा, खाली कापड नाही. जीन थोडे पुढे ठेवून मागे सरकवायचे आणि ते स्वतःहून थांबेल तिथे थांबू द्यायचे. पुढच्या कमानीची टोके खांद्याच्या पात्याच्या दोन-तीन बोटे मागे. स्वार बसल्यावरही उंचवट्यावर दोन-तीन बोटे मोकळी. पन्हळ तीन-चार बोटे रुंद आणि शेवटपर्यंत तेवढीच, कारण मागे चिंचोळी होणारी पन्हळ वळताना काट्यांना घासते. मग गादीखालून तळहात पुढून मागे न्यायचा. पुढे-मागे घट्ट आणि मधे पोकळ लागले तर जीन पुलासारखे बसले आहे आणि चार टोकांवर सगळे वजन आहे. वीस-तीस मिनिटे चालवून जीन काढल्यावर घामाचा ठसा सारखा हवा. ओल्या ठशात कोरडा तुकडा दिसला की लोक खूश होतात, आणि तिथेच फसतात. तिथे गादी टेकत नसेल किंवा इतका दाब असेल की घामाच्या ग्रंथीच बंद पडल्या असतील. हाताने दाबून पाहिल्याशिवाय कळत नाही. काही महिन्यांनी तिथे पांढरे केस उगवले तर दुसरी शक्यता खरी होती.

अरुंद जिनाखाली जाड गादी घालणे हा सर्वांत वाईट उपाय आहे, त्याने कमान आणखी आवळते. जीन किंचित रुंद असेल तर गादी चालते. माथेरान-महाबळेश्वरसारख्या ठिकाणी एकाच घोड्यावर दिवसभरात लहान मूलही बसते आणि नव्वद किलोचा माणूसही. तिथे तपासणी रोज लागते.

आतली लोकर नवी असताना फुगीर असते. पहिल्या तीन महिन्यांत ती बसते, तेव्हा एकदा आणि नंतर दर सहा महिने ते वर्षभराने उघडून पाहावी. गोळे झाले असतील तर वरून नवी लोकर ठासू नये. जुनी सगळी काढावी, बोटांनी मोकळी करावी, लांब सळईने थोडी थोडी भरावी आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्या का हे जीन उलटे धरून मागून पाहावे. पावसाळ्यात चामड्यावर बुरशी येते ती कोरड्या फडक्याने बाहेर झटकून, मग ओलसर फडक्याने पुसावी आणि सावलीत वाळवावी. उन्हात वाळवले की तडा जातो. तेल थोडेच लावावे. जास्त झाले की पट्टे ताणतात, टाके कुजतात. आणि लोखंडी खिळा वापरू नये: बाभळीच्या टॅनिनला लोखंड लागले की चामडे काळे पडते आणि खिळ्याभोवती कमकुवत होत जाते. म्हणून कारागीर पितळी खिळे वेगळ्या डबीत ठेवतात.