राष्ट्रांमधली शांतता आणि एकजुटीचा कॅथलिक विचार

1 जानेवारी हा कॅथलिक चर्चचा जागतिक शांतता दिन. 1968 पासून दरवर्षी पोप त्यासाठी संदेश काढतात. गोव्यात इगर्जीच्या शेजारी राहणाऱ्या आम्हा हिंदूंना त्या सकाळची घंटा ऐकू येते, पण तिच्यामागचा विचार कुठून आला हे सहसा ठाऊक नसतं. तो ठाऊक असायला हवा, असं मला फार वाटतं.

सुरुवात कामगारांपासून झाली. 1891 मध्ये पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात (पोपनी चर्चला उद्देशून काढलेल्या शिकवणीच्या पत्रात) मजुरांच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न मांडला. दुसरं महायुद्ध पेटल्यावर, ऑक्टोबर 1939 मध्ये, पायस बारावे यांनी सगळी मानवजात एक आहे याचा जगाला विसर पडल्याची खंत व्यक्त केली. क्यूबाच्या अणुसंकटानंतर काही महिन्यांतच, एप्रिल 1963 मध्ये, जॉन तेविसावे यांचं ‘पाचेम इन तेर्रिस’ आलं. ते सदिच्छा बाळगणाऱ्या सर्व माणसांना उद्देशून होतं.

गोव्यातली चर्च तेव्हा अवघडलेली होती. पाद्रोआदोच्या, म्हणजे चर्चच्या कारभारात पोर्तुगालच्या राजाला अधिकार देणाऱ्या जुन्या व्यवस्थेमुळे, इथल्या धर्मपीठाचं नातं शतकानुशतकं पोर्तुगालच्या सत्तेशी बांधलेलं. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, पण पोर्तुगालने ते मान्य करायला 1974 चा डिसेंबर उजाडला. या मधल्या काळातच, डिसेंबर 1964 मध्ये, पोप पॉल सहावे युकॅरिस्टिक काँग्रेस या कॅथलिकांच्या आंतरराष्ट्रीय धर्ममेळाव्यासाठी मुंबईत आले. पोपनी भारतात पाऊल ठेवावं, हे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारला चांगलंच झोंबलं. जुन्या गोव्यात तेव्हा सेंट फ्रान्सिस झेवियरचं शवदर्शन चालू होतं, पण पोप इकडे आले नाहीत.

मुंबईत जे घडलं त्याला माझ्या लेखी परिपत्रकांइतकंच मोल आहे. इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना पोपनी उपनिषदातली ‘असतो मा सद्गमय’ ही प्रार्थना उद्धृत केली. प्रवासासाठी भेट मिळालेली पांढरी लिंकन गाडी जाताना मदर तेरेसांना देऊन टाकली. मदरनी तिची सोडत काढून कुष्ठरोग्यांच्या कामासाठी पैसा उभा केला. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, पत्रकारांमार्फत त्यांनी जगाकडे एक मागणी केली: शस्त्रांवरच्या खर्चातला काही भाग वाचवा आणि त्यातून गरिबांसाठी जागतिक निधी उभारा. ‘पोपुलोरुम प्रोग्रेस्सिओ’ या 1967 च्या परिपत्रकात त्यांनी या मागणीची आठवण मुंबईचं नाव घेऊन दिली आहे. विकास हेच शांततेचं नवं नाव, हा विचारही त्यातलाच.

जॉन पॉल दुसरे फेब्रुवारी 1986 मध्ये गोव्याला येऊन गेले. पुढच्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी ‘सोल्लिसितुदो रेई सोचालिस’ हे परिपत्रक लिहिलं. पोलंडमधल्या ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार चळवळीला त्यांनी आधार दिला होता. आता तीच कसोटी त्यांनी देशांना लावली. दूरच्या माणसाच्या दुःखाने हळहळणं म्हणजे एकजूट नव्हे. सर्वांच्या हितासाठी नेटाने झटण्याचा निर्धार म्हणजे एकजूट, असं ते म्हणतात. शांतता हे त्या एकजुटीचंच फळ. गरीब देशांवरचं कर्ज, शस्त्रांचा व्यापार, निर्वासित या सगळ्याचा जाब त्यात आहे.

गोव्याला त्याचा अर्थ लवकरच कळला. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत गिळलं आणि तिथे वर्षानुवर्षं नोकरी करणारी गोंयकार कुटुंबं बँकेतली ठेव, घर, सामान मागे टाकून निघाली. वाळवंट ओलांडून अम्मान, तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई, मग गाव. गोव्यातल्या सासष्टी-बार्देश तालुक्यांत कित्येक घरांची चूल त्या पगारावर पेटत होती. परक्या देशांतलं भांडण आपल्या अंगणात कसं येतं, हे त्या वर्षी इथे कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही. आखाती युद्धाला पोपनी कडाडून विरोध केला आणि मे 1991 च्या ‘चेंतेसिमुस आन्नुस’ या परिपत्रकात पुन्हा बजावलं: युद्ध नको, कधीच नको.

‘फ्रातेल्ली तुत्ती’ हे पोप फ्रान्सिस यांचं परिपत्रक ऑक्टोबर 2020 चं. शस्त्रांचा पैसा भूक मिटवणाऱ्या जागतिक निधीकडे वळवा, ही पॉल सहावे यांची मागणी त्यात पुन्हा केलेली आहे. मुंबईनंतर 56 वर्षांनी.