महासाथीच्या काळातील दंतवैद्यकीय प्रतिजैविक-वापर

सार्वजनिक आरोग्य-संकटात दातांचे प्रत्यक्ष उपचार थांबले, की दंतवैद्यांच्या चिठ्ठीवर प्रतिजैविके (अँटिबायोटिक्स) अधिक दिसू लागतात. कोविड-१९ च्या पहिल्या लाटेत, २०२० साली, इंग्लंडमध्ये हे अगदी ठळकपणे नोंदले गेले. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेत (एनएचएस) दंतवैद्याने लिहिलेले आणि औषधाच्या दुकानातून दिले गेलेले प्रत्येक औषध मोजले जाते. त्यामुळे महिन्यामहिन्याचा चढउतार हाती लागतो. खाजगी चिठ्ठ्या मात्र या मोजणीत येत नाहीत.

हा प्रश्न समजण्यासाठी आधी दाढदुखी समजून घ्यावी लागते. दाताच्या आत नस आणि रक्तवाहिन्या असलेला मऊ भाग असतो, त्याला दंतमज्जा म्हणतात. कीड खोल गेली की दंतमज्जेला दाह होतो. भोवतालच्या भिंती कठीण असल्याने सूज पसरायला जागा मिळत नाही, दाब वाढतो आणि रात्री आडवे झाल्यावर दाढ ठणकू लागते. हा ठणका प्रतिजैविकाने थांबत नाही. पेनिसिलिन आणि औषध नसलेली दिखाऊ गोळी (प्लासिबो) यांची तुलना करणारी ४० रुग्णांची एक चाचणी झाली होती. तीत पेनिसिलिनने वेदना कमी झाल्याचे दिसले नाही. चाचणी लहान आहे हे खरे, पण शरीररचनाही तेच सांगते. दंतमज्जा मेली, की तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि रक्तातून जाणारे औषध दाताच्या पोकळीत पोहोचतच नाही. मुळाशी गळू झाले तरी आधी पू बाहेर काढावा लागतो. त्यासाठी रूट कॅनाल सुरू करून पोकळी साफ करावी लागते, हिरडीला चीर द्यावी लागते किंवा दाढ काढावी लागते. ताप, पसरत जाणारी सूज, तोंड न उघडणे अशी लक्षणे असतील तरच प्रतिजैविकाची जोड हवी. तीही जोडच, मूळ काम हातांचे आणि हत्यारांचे असते.

नेमके हे हातांचे काम मार्च २०२० मध्ये थांबले. २५ मार्चला इंग्लंडच्या मुख्य दंत अधिकाऱ्यांच्या पत्राने नेहमीचे सर्व दंत-उपचार बंद करण्यात आले. दात कोरणारे यंत्र (एअरोटर) चालताना पाणी आणि लाळेचे बारीक तुषार हवेत उडतात आणि त्यांतून विषाणू पसरण्याची भीती होती. दवाखान्यांनी फोनवरून रुग्णांची चौकशी करायची आणि तीन गोष्टी द्यायच्या असे ठरले: सल्ला, वेदनाशामक आणि प्रतिजैविक. ज्यांचे एवढ्याने भागणार नाही त्यांना तातडीच्या दंत-उपचार केंद्रांकडे पाठवायचे होते. पण ही केंद्रे एका दिवसात उभी राहिली नाहीत. मास्क आणि संरक्षक पोशाखांची टंचाई होती, आणि तुषार उडवणारा उपचार केल्यावर खोली तासभर रिकामी ठेवायची असल्याने दिवसाला मोजकेच रुग्ण होत. बऱ्याच ठिकाणी रूट कॅनालने वाचू शकणारी दाढही काढून टाकावी लागली.

फोनवरच्या दंतवैद्याची अडचण खरी होती. दाढेवर ठोकून पाहता येत नाही, थंड लावून नस जिवंत आहे का हे तपासता येत नाही, क्ष-किरण नाही. रुग्ण मोबाईलवर फोटो पाठवतो, त्यात ओठ आणि अंधार दिसतो. समोरचा माणूस चार रात्री झोपलेला नाही. सूज जिभेखाली, गळ्याकडे उतरली तर श्वास कोंडून जीव जाऊ शकतो, ही धास्ती प्रत्येक दंतवैद्याला असते. अशा वेळी ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन दिवसातून तीनदा किंवा ४०० मिलिग्रॅम मेट्रोनिडॅझोल दिवसातून तीनदा, अशी प्रतिजैविकाची चिठ्ठी लिहिली जाणे स्वाभाविक होते. यात दंतवैद्यांच्या ज्ञानाची उणीव शोधणे अन्यायाचे आहे. उपचाराचे दार बंद करून गोळीचे दार उघडे ठेवले होते.

त्यात वेदनाशामकांचाही घोळ झाला. दाढदुखीवर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल मिळून चांगला आराम देतात. पण मार्चच्या मध्यात फ्रान्सच्या आरोग्यमंत्र्यांनी कोविडमध्ये आयबुप्रोफेन टाळावे असे जाहीर केले आणि ब्रिटनमध्येही काही काळ पॅरासिटामॉललाच पसंती देण्याचा सल्ला होता. या भीतीला पुरेसा पुरावा नसल्याचे ब्रिटनच्या औषधविषयक आयोगाने एप्रिलच्या मध्यावर स्पष्ट केले. तोवरच्या काही आठवड्यांत दंतवैद्याच्या हातचे एक उपयुक्त औषध बाजूला पडले होते.

एप्रिल ते जुलै २०२० या चार महिन्यांत इंग्लंडमधील दंतवैद्यकीय प्रतिजैविकांच्या चिठ्ठ्या २०१९ च्या त्याच महिन्यांपेक्षा २५ टक्क्यांनी वाढल्या. वाढ सगळ्या विभागांत सारखी नव्हती. त्याआधीची काही वर्षे हे प्रमाण घटत आले होते. शिवाय त्याच वर्षी इंग्लंडमधील प्रतिजैविकांचा एकूण वापर कमी झाला, कारण लोक घरात होते आणि सर्दी-खोकल्याचे इतर संसर्ग ओसरले होते. दंत-उपचार हे क्षेत्र तेवढे उलट्या दिशेने गेले. दवाखाने ८ जूनपासून पुन्हा उघडू लागले, तरी शिखर जूनमध्येच आले. दार उघडले म्हणून साचलेली रांग लगेच संपत नाही.

जगभर माणसांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी सुमारे दहा टक्के दंतवैद्य लिहितात असा सर्वसाधारण अंदाज आहे. म्हणून ही वाढ दंतशास्त्रापुरती राहत नाही. प्रतिजैविके जितकी जास्त वापरली जातात, तितके त्यांना न जुमानणारे जिवाणू वाढतात. २०१९ मध्ये अशा जिवाणूंमुळे जगभर थेट झालेल्या मृत्यूंचा अंदाज १२.७ लाख आहे. शिवाय रुग्णाचे स्वतःचे नुकसान असते: पुरळ, क्वचित जिवावर बेतणारी ॲलर्जी, जुलाब. क्लिंडामायसिन या प्रतिजैविकानंतर आतड्यात क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. आणि गळू दबले तरी कीड तिथेच असते. काही आठवड्यांनी तीच दाढ पुन्हा ठणकते आणि पुन्हा कोर्स लिहिला जातो.

भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९ मे २०२० रोजी दंतवैद्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रतिबंधित क्षेत्रांतील दवाखाने बंद आणि रेड झोनमध्ये फक्त तातडीचे उपचार, अशी त्यांची आखणी होती. मुंबई-पुण्याचा मोठा भाग तेव्हा याच कक्षेत होता. येथे दंतवैद्यक मुख्यतः खाजगी आहे आणि दंतवैद्यांच्या चिठ्ठ्यांची इंग्लंडसारखी देशव्यापी मोजणी होत नाही, त्यामुळे आकड्यांत तुलना करता येत नाही.

महाराष्ट्राला पुढच्या वर्षी याच प्रश्नाची वेगळी बाजू दिसली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराचे रुग्ण वाढले. महाराष्ट्र आणि गुजरात ही सर्वाधिक रुग्णांच्या राज्यांपैकी होती, आणि मे महिन्यात केंद्राने हा आजार अधिसूचित करण्यास राज्यांना सांगितले. मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांत त्याची पहिली लक्षणे काही वेळा वरच्या दाढांजवळ दिसत. दाढ दुखे, एकाच वेळी दोन-तीन दात हलू लागत, हिरडीतून पू येई, टाळू काळवंडे. वरवर पाहता हे दाढेचे गळूच वाटते. पण ही बुरशी आहे, तिच्यावर अमॉक्सिसिलिन चालत नाही. ॲम्फोटेरिसिन-बी हे बुरशीविरोधी औषध आणि कुजलेला भाग काढणारी शस्त्रक्रिया लागते, आणि उशीर झाला तर संसर्ग डोळ्याकडे व मेंदूकडे जातो. कोविडमधून उठलेल्या मधुमेही रुग्णाचे वरचे निरोगी दात अचानक हलू लागले, तर गोळ्यांचा कोर्स संपण्याची वाट न पाहता त्याच दिवशी तोंड तपासून स्कॅन आणि बायोप्सीसाठी पाठवणे आवश्यक असते.