गॅस गेलाय की कॉम्प्रेसर थांबलाय?

मे महिन्यात आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजात गाडी आत घेता घेताच गिऱ्हाईक काच खाली करून सांगतं, "मामा, गार हवा येईना झालीया. जरा गॅस मारा." रोग आणि औषध दोन्ही घरूनच ठरवून आलेलं. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत ते बऱ्याचदा बरोबरही निघतं. इलेक्ट्रिक गाडीत मात्र एसीचा गॅस कमी होणं आणि तो गॅस दाबून फिरवणारा पंप, म्हणजे कॉम्प्रेसर, थांबणं ही दोन दुखणी सीटवर बसून ओळखूच येत नाहीत. ब्लोअर जोरात, हवा कोमट, बस्स. आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर दुखणं वाढतं.

जुन्या गाडीत कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. बटण दाबलं की क्लच 'टक्' करून चिकटतो. ती 'टक्' ऐकूनच आमची निम्मी पारख व्हायची. इलेक्ट्रिक गाडीत पट्टा नाही, क्लच नाही. कॉम्प्रेसरच्या पोटातच मोटर असते आणि ती मोठ्या बॅटरीच्या साधारण ३०० ते ४०० व्होल्टवर चालते. किती वेगाने फिरायचं, मुळात फिरायचं की नाही, हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. बॅटरी फारच उतरली असेल तर तो एसीचा हात आखडतो. लाइनमधलं प्रेशर फार कमी किंवा फार जास्त वाटलं तरी कॉम्प्रेसर बंद. म्हणजे कॉम्प्रेसर थांबला म्हणून तो बिघडलाच असं नाही, बऱ्याचदा त्याला थांबवलेलं असतं.

मग ओळखायचं कसं? मी आधी एकच विचारतो: गारवा हळूहळू गेला की एकदम? गळती असेल तर मागच्या उन्हाळ्यापेक्षा या वर्षी कमी, गेल्या महिन्यापेक्षा आज कमी, असा उतार लागतो. गॅसबरोबर तेलही झिरपतं आणि त्यावर धूळ बसते. पाइपच्या जोडाशी बोट फिरवलं की सायकलच्या चेनवर असते तशी काळी चिकट मळी हाताला लागली, तर गळतीची जागा बहुतेक तीच. उलट सकाळी एसी झकास, दुपारी बंद, संध्याकाळी पुन्हा झकास, असं असेल तर गॅसचं नाव इतक्यात घेऊ नका. गळून गेलेला गॅस संध्याकाळी परत येत नाही.

घोळ होतो तो मधल्या अवस्थेत. गॅस खूपच कमी झाला की प्रेशर सेन्सर कॉम्प्रेसरला उठूच देत नाही. मग दिसताना इलेक्ट्रिकल बिघाड दिसतो, मूळ मात्र गळतीत असतं. अशा वेळी गाडी तासभर सावलीत बंद ठेवून गेज, म्हणजे दोन काट्यांचं प्रेशर मीटर, लावायचं. आर-१३४ए गॅस असेल आणि हवा ३० अंश असेल, तर दोन्ही काटे साधारण ९५ पौंडांच्या (पीएसआय) आसपास थांबतात. ते २०-३० वर लोळत असतील तर गॅस जवळजवळ संपलाय. पण ९५ दिसले म्हणजे गॅस पुरेसा आहे असं समजू नका. थोडा जरी द्रव गॅस आत शिल्लक असला तरी काटा तेवढाच दाखवतो. सिलिंडर अर्धा असो की पाव, आतलं प्रेशर तेच, तसंच हे. खरा हिशोब वजनाचा: सगळा गॅस मशीनने काढायचा, तोलायचा आणि बॉनेटखालच्या स्टिकरवरच्या ग्रॅमशी ताडून बघायचा.

मागच्या महिन्यातली एक गाडी सांगतो. मालक पुण्याहून येताना कराडजवळ फास्ट चार्जिंग करायचा आणि तिथून कोल्हापूरपर्यंत घामाघूम व्हायचा. त्या गाडीत बॅटरी गार करायलाही हाच गॅस वापरतात. चार्जिंगने तापलेली बॅटरी आधी, माणसं नंतर, असा कॉम्प्युटरचा न्याय. म्हणजे बिघाड काहीच नव्हता. पण दुसरीकडे कुठेतरी त्याला दोनदा गॅस 'मारून' दिला होता, न तोलता. मग पन्हाळ्याच्या चढाला भर दुपारी एसी पुरताच बंद पडायला लागला. मी गॅस काढून तोलला, तर स्टिकरवर ५५० ग्रॅम आणि बाहेर आला ७६०. जास्त गॅसने प्रेशर चढत होतं आणि सेन्सर कॉम्प्रेसर बंद पाडत होता.

नशीब, त्याचं तेल तरी वाचलं होतं. पट्ट्यावरच्या कॉम्प्रेसरला बहुतेक वेळा पीएजी तेल लागतं, या मोटरवाल्याला बहुतेक पीओई. इथे मोटरची वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, त्या तेला-गॅसातच बुडालेली असते, त्यामुळे तेलाने वीज अडवायला हवी. पीएजी ते काम नीट करत नाही. जुन्या गाड्यांना लावलेला गॅस भरायचा पाइप तसाच इकडे जोडला आणि त्यातलं तेल आत गेलं, तर इन्सुलेशन ढासळतं. मग कॉम्प्युटर गळतीचा इशारा देतो, पण ही गळती विजेची. काही वेळा गाडी चालूच होत नाही. चांगला कॉम्प्रेसर स्वस्तातल्या गॅसपायी गेला की गिऱ्हाईकाचा चेहरा बघवत नाही.

तिसरंही एक आहे, थोडक्यात सांगतो. गाडी पळताना गार आणि ताराराणी चौकातल्या सिग्नलला गरम होत असेल, तर पेट्रोलवाला म्हणेल इंजिन हळू फिरतंय. इथे ती सबब नाही, उभ्या गाडीतही कॉम्प्रेसर जोरात फिरू शकतो. तेव्हा पुढचा पंखा फिरतोय का आणि कंडेन्सरमध्ये, म्हणजे गॅस गार करणाऱ्या पुढच्या जाळीत, चिखल, पाचट अडकलंय का, ते बघा. पाण्याने धुवा, पण धार हळू ठेवा, पत्री लगेच वाकते.

एवढं घरी जमतं. नारिंगी केबलला मात्र हात लावू नका, १२ व्होल्टची बॅटरी काढली असली तरीही. ते काम हातमोजे आणि शिक्षण असलेल्याचं.

त्या कराडवाल्याला मी तोलून ५५० ग्रॅम भरून दिला आणि म्हटलं, चार्जिंग झाल्यावर पंधरा मिनिटं चहा पी, मग निघ. परवा त्याचा फोन आला, "मामा, चहा दोन झाले, पण एसी गार हाय."