ऑफसेट कधी द्यायचा नाही?

संगणकावर चालणाऱ्या सीएनसी लेथवर २० मिमी व्यासाच्या पिना निघत आहेत. एक पिन मायक्रोमीटरवर २०.०२ भरली. ऑपरेटर लगेच ऑफसेट देऊन, म्हणजे टूलची जागा तेवढी सरकवून, ते दोन शतांश काढून टाकतो. पुढची १९.९७ भरते, पुन्हा ऑफसेट, आता उलट्या दिशेला. माणूस प्रामाणिक आहे, मन लावून काम करतो आहे, आणि माल त्याच्याच हातून बिघडतो आहे.

हे कोडं उलगडायला अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांची मदत होते. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात टेलिफोनची उपकरणं बनत. १६ मे १९२४ रोजी शूहार्टनी वरिष्ठांना जेमतेम पानभर टिपण दिलं. त्यातली आकृती म्हणजे कंट्रोल चार्टचं, मापांवर नजर ठेवायच्या आलेखाचं, पहिलं रूप. चढउतार दोन प्रकारचे असतात, हे त्यांनी ओळखलं. एक नेहमीचा: धातूच्या कठीणपणातला किंचित फरक, कूलंटचं तापमान, मशीनची थरथर. दुसरा विशेष कारणाचा: इन्सर्टचा, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या तुकड्याचा, टवका उडाला, धातूच्या बारचा लॉट बदलला.

चार्टवर मधली रेषा सरासरीची, आणि वर-खाली तीन प्रमाण विचलनांवर (प्रमाण विचलन म्हणजे मापांच्या फैलावाचा आकडा) मर्यादा. या मर्यादा मशीनच्याच मोजमापांतून काढायच्या, ड्रॉइंगवरच्या टॉलरन्समधून, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकातून, नव्हे. ही गल्लत मला सगळ्यात घातक वाटते. टॉलरन्स गिऱ्हाईक मागतं. मर्यादा मशीन काय देऊ शकतं ते सांगतात.

आता त्या पिनेकडे येऊ. सरासरी २० मिमी आणि प्रमाण विचलन ०.०१ मिमी असेल, तर २०.०२ हे माप मर्यादेच्या आतलं, म्हणजे नेहमीचंच. तरी प्रत्येक पिनेमागे ऑफसेट दिला, तर पुढच्या पिनेत तिचा स्वतःचा चढउतार असतोच, शिवाय मागच्या पिनेचाही उलटा होऊन मिसळतो. दोन्हींच्या प्रमाण विचलनांचे वर्ग बेरजेला लागतात आणि ०.०१ चं ०.०१४ होतं. दुरुस्तीमुळे फैलाव ४१ टक्क्यांनी वाढला!

मात्र सलग आठ बिंदू मधल्या रेषेच्या एकाच बाजूला पडले, तर सगळे मर्यादेत असूनही थांबून बघावं. टूल झिजत असेल, तर तेव्हा दिलेला ऑफसेट योग्यच. म्हणून इन्सर्ट कधी बदलला, नवा लॉट कधी लावला, हे चार्टवर त्याच बिंदूशेजारी पेन्सिलीनं लिहून ठेवावं.