छोट्या शर्यतींनी दमसास जात नाही

गोव्याच्या हाफ आयर्नमॅनची, म्हणजे सलग पोहणं, सायकल आणि धावणं अशा लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनची तयारी करणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: ‘मध्ये स्प्रिंट ट्रायथलॉन करू नकोस, वेगाच्या नादात दमसास जाईल.’ हे खरं नाही. या भीतीपायी कितीतरी जण शर्यतीच्या गर्दीत पहिल्यांदा पोहतात ते थेट मोठ्या दिवशीच, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं. हाफमध्ये हेच आकडे १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर होतात. तास-दीड तासाच्या जोरकस मेहनतीने दमसास आटत नाही. उलट धाप न लागता किती वेग पेलवतो, ती मर्यादा वर सरकते. नॉर्वेच्या क्रिस्टियन ब्लुमेनफेल्टने जुलै २०२१मध्ये टोकियोत हाफपेक्षा छोट्या अंतराच्या ट्रायथलॉनचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, आणि त्याच नोव्हेंबरात मेक्सिकोतल्या कोझुमेलला हाफच्या दुप्पट अंतराची, आपली पहिली पूर्ण आयर्नमॅनही.

शिवाय काही गोष्टी एकट्याच्या सरावात कळतच नाहीत. पोहताना शेजारच्याचा हात गॉगलवर आपटतो. वाळू चिकटलेल्या ओल्या पायात मोजा चढत नाही. हेल्मेटचा पट्टा न लावता सायकल स्टँडवरून काढली, तर दंड बसतो.

समजुतीत तथ्य एवढंच की दर रविवारी शर्यत केली तर लांब पल्ल्याचं सायकलिंग बुडतं. महिना-दीड महिन्यातून एक पुरे, आणि मोठ्या शर्यतीआधीचे दोन आठवडे छोट्या शर्यतींपासून मोकळेच ठेवा.